बिनकामाचं वाशीम

आता हे तुम्हाला सांगावं की नाही, याचा मी चहा उकळेपर्यंत विचार केला. पण आमच्या कामरगावात ही गोष्ट लहानथोर सगळ्यांना ठाऊक आहे, मग तुम्हीच काय पाप केलं? तर ऐका. मी माझ्या बायकोला घेऊन दोन दिवस वाशीमला फिरायला गेलो होतो. बस, गुन्हा एवढाच.

हसू आलं नाही ना? म्हणजे तुम्ही आमच्याकडचे नाही.

आमच्याकडे माणूस वाशीमला तीनच गोष्टींसाठी जातो. कोर्ट, कचेरी आणि दवाखाना. जिल्ह्याचं ठिकाण आहे ते, तिथे जाताना हातात कागदांची पिशवी असते आणि तोंडावर काळजी असते. मी स्वतः पंचवीस वर्षांत शंभर वेळा तरी गेलो असेन, पण मला वाशीमचं काय माहीत? रांगा माहीत. कोणत्या खिडकीवरचा बाबू जेवायला कधी उठतो, ते माहीत.

ही फिरण्याची कल्पना आमच्या प्रशांतची, म्हणजे मुलाची. तो पुण्याला कंपनीत आहे. पाडव्याच्या दिवशी फोनवर म्हणाला, "बाबा, हरभरा निघाला, गहू घरात आला. आता आईला घेऊन सिटी ब्रेक करा."

"ते काय असते बाप्पा?"

"एखाद्या शहरात दोन दिवस जायचं. काही काम करायचं नाही. पाहायचं, खायचं, पाय दुखले की बसायचं."

मी फोन ठेवून विसरलो. सुशीला विसरली नाही. फोन स्पीकरवर होता, हे माझं दुर्दैव. रात्रीची भाकर वाढताना ती म्हणाली, "आपल्याले जवळचं शहर वाशीम."

"अवं, वाशीमात काय हाय?"

"मले काय मालूम? मी तीनदा गेली. एकदा पोराच्या दाखल्यासाठी, दोनदा तुमच्या मायच्या डोळ्यासाठी. तीनही बारी बाकावर बसून वापस आली. मले ते शहर पाहाचं हाय."

मग तिने अटी घातल्या. एक, कोणतंही काम नाही. सातबारा नाही, खताची चौकशी नाही, झेरॉक्ससुद्धा नाही. दोन, फोन बंद. आणि तिसरी अट तिने ताटाकडे पाहत सांगितली, "आपण दोघंच. लग्न झाल्यापासून आपण दोघंच असे कुठी गेलोच नाही."

मी आठवून पाहिलं. खरंच नव्हतो गेलो. लग्नानंतर देवदर्शनाला गेलो तेव्हा सोबत माझी आत्या होती, आणि नंतर प्रत्येक वेळी कोणी ना कोणी. मला जरा लाज वाटली. मी हो म्हणालो.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. घोळ झाला तो बस थांब्यावर.

आमचे शेजारी नामदेवराव तिथे आधीच उभे. माणूस मनाचा सोन्यासारखा, पण एक प्रश्न विचारून थांबणारा नाही. आता मी सरळ "फिराले चाललो" म्हणायला हवं होतं की नाही? पण जीभ रेटेना. वाशीमला फिरायला जातो म्हटलं की गावानं दिवाळीपर्यंत खेचली असती. म्हणून मी तोंडातल्या तोंडात बोललो.

"कुठी निघाले भाऊ?"

"वाशीमले."

"काय काम काढलं?"

"काही नाही, असंच."

त्यांनी बॅगेकडे पाहिलं. मग सुशीलाकडे पाहिलं. "वहिनी बी?"

"हो. तिच्याचसाठी चाललो."

"किती दिवस?"

"दोन दिवस तरी लागतीन." आणि वर माझी अक्कल पाहा, मी त्यांच्या कानाशी जाऊन म्हणालो, "गावात कोनाले सांगू नका."

आता सुशीलाचा अवतार सांगतो. आनंदाने तिला झोप लागली नव्हती, म्हणून डोळे सुजलेले. ऊन लागू नये म्हणून डोक्याला फडकं घट्ट बांधलेलं. लाजेनं ती एक शब्द बोलत नव्हती. आणि निघताना तिने नामदेवरावांच्या बायकोला काय सांगितलं होतं? "माझ्या तुळशीले पाणी घालत जाजो वं." तेही डोळ्यांत पाणी आणून. आनंदाचं पाणी, पण ते त्या माउलीला कसं कळावं?

बस आली. नामदेवरावांनी बॅग स्वतः चढवली आणि माझा हात बराच वेळ धरून ठेवला. मला वाटलं, किती हा जिव्हाळा!

कारंज्याहून पुढे सुशीलाने खिडकी सोडली नाही. शेतं मोकळी झाली होती, बांधावरचे पळस अजून पेटलेले होते आणि कडुनिंबाच्या मोहराचा वास थेट बसमध्ये येत होता. हाच रस्ता मी शंभर वेळा केला होता. दर वेळी मी पिशवीतले कागद मोजत असायचो.

वाशीमला लॉजवाल्याने वही उघडली. "पेशंट कोनत्या दवाखान्यात हाय?"

"पेशंट नाही."

"मंग कोर्टाची तारीख?"

"तारीख बी नाही."

त्याने पेन थांबवलं. "येण्याचं कारण लिहा लागते काका."

मी डोकं खाजवत होतो, तेवढ्यात सुशीला ठामपणे म्हणाली, "लिहा, वाशीम पाहाले."

त्याने आम्हा दोघांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. "वाशीमात काय हाय पाहाले?"

"तेच पाहाले आलो," ती म्हणाली.

आणि काय सांगू, पाहण्यासारखं इतकं निघालं की मला माझाच राग आला. बालाजीच्या मंदिरात गेलो. काळ्या दगडाचे ते खांब, त्यांवरचं ते कोरीव काम! सुशीला एकेका खांबासमोर अशी उभी राहिली, जशी दुकानात साडीचा पदर उलगडून पाहते. बाहेर तळ्यावर वारा घेत बसलो. नंतर बाजारात तिने हिरव्या बांगड्या भरल्या आणि मला एक काळा गॉगल घ्यायला लावला. "शहरात आलो तर शहरातल्यासारखे दिसा," म्हणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मध्यमेश्वराच्या देवळात गेलो. तिथे एक म्हातारेबुवा सावलीला बसले होते. त्यांनी सांगितलं, की जुन्या काळचे जोतिषी पृथ्वीची मधली रेघ इथूनच मोजायचे, आणि हे गाव एका काळी मोठ्या राजांची राजधानी होतं. सुशीलाने ते सगळं नीट ऐकून घेतलं. मग मला म्हणाली, "म्हंजे जगाचा मधोमध इथी होता, अन् तुमी पंचवीस वर्षं तथी खिडकीपाशी उभे होते."

मी गॉगल लावला.

दुपारी ती लॉजवर पंख्याखाली चक्क झोपली. दुपारची झोपलेली सुशीला मी पहिल्यांदा पाहिली. उठल्यावर म्हणाली, "आता पद्मतीर्थाच्या तळ्यावर जाऊ. पायऱ्यावर बसू. दिवे लागेपर्यंत काहीच कराचं नाही. नुसतं बसाचं." तिच्या सगळ्या सहलीचा जीव त्या एका संध्याकाळीत होता, हे तिच्या बोलण्यावरून मला कळत होतं.

आता जरा गावाकडे चला, कारण तिकडे काय चाललंय हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. नंतर कळलं ते सांगतो.

नामदेवरावांनी माझा शब्द पाळला. गावात कोणालाच सांगितलं नाही, फक्त बायकोला सांगितलं. बायकोनेही कोणालाच नाही, फक्त सुशीलाच्या माहेरी धनजला फोन करून माझ्या साळ्याला, गजाननला. गजाननने मला फोन लावला, बंद. बहिणीला लावला, बंद. रात्री बंद, सकाळी बंद. आता तुम्हीच सांगा, नवरा-बायको दोन दिवस वाशीमला, कारण सांगत नाहीत, बाई डोक्याला फडकं बांधून गेली, तुळस सोपवून गेली आणि दोघांचेही फोन बंद. आमच्याकडच्या कोणत्याही शहाण्या माणसाने जो अर्थ काढला असता, तोच त्यांनी काढला. ऑपरेशन.

झालं. पुण्याला पोराच्या जिवाला घोर नको, म्हणून प्रशांतला कोणी कळवलं नाही. धनजहून जीप निघाली, कामरगावात थांबली, आणि चौदा माणसं, एक सतरंजी, नारळ, बिस्किटांचे पुडे आणि भाकरीची टोपली घेऊन वाशीमला आली. दुपारपासून त्यांनी एकेक दवाखाना पालथा घातला. कुठेच नाव नाही. शेवटी बायका म्हणाल्या, आता महादेवालाच साकडं घालू, आणि जीप वळली पद्मतीर्थावरच्या महादेवाकडे.

इकडे आम्ही पायऱ्यांवर. ऊन उतरलं होतं, पाणी शांत होतं. मी गॉगल लावून बर्फाचा गोळा चोखत होतो, जीभ जांभळी झालेली. दुसऱ्या हातात मोबाइल होता, फोटोपुरता चालू केलेला. सुशीलाला सांगत होतो, "अवं, अजून हास जराशी."

तेवढ्यात मागून हंबरडा आला, "बाई वं!"

गजानन पायऱ्या उतरत धावत आला आणि बहिणीच्या गळ्यात पडून रडायला लागला. सुशीला घाबरली. भाऊ धनजहून इथवर येऊन रडतो, म्हणजे माहेरी कोणीतरी गेलं. तिनेही गळा काढला. तिला रडताना पाहून वर उभ्या बायकांना वाटलं, डॉक्टरांनी जवाब दिला. त्याही सुरू झाल्या. नामदेवराव उपरण्याने डोळे पुसायला लागले. मी गोळा खाली टाकला, गॉगल काढला आणि सगळे रडतात म्हटल्यावर मीही रडलो. कोण गेलं ते माहीत नव्हतं, पण जो गेला तो आपलाच असणार ना?

बऱ्याच वेळाने सुशीलाने हुंदका गिळून विचारलं, "कोन गेलं रे गजा?"

गजानन थांबला. "कोन म्हंजे? तुह्यं ऑपरेशन कवा हाय?"

"कायचं ऑपरेशन?"

"मंग तू इथी काहून आली?"

सुशीला म्हणाली, "बसाले."

चौदा माणसं आधी तिच्याकडे, मग माझ्या जांभळ्या जिभेकडे पाहत होती. नामदेवराव हळूच पुढे आले.

"भाऊ, म्हंजे काम नव्हतं?"

"नव्हतं."

"काहीच?"

"एक झेरॉक्स बी नाही."

ते मटकन पायरीवर बसले. "मंग तसं सांगाचं ना राजेहो. मी सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. या माणसाने माझ्या बायकोसाठी दिवसभर उपास काढला होता, आणि मी त्याला एक सरळ शब्द बोललो नव्हतो. आमची ही माणसं अशी आहेत. खोटं बोलायला जागा ठेवत नाहीत, इतकी खरी.

सुशीलाने पदराने तोंड पुसलं आणि उठली. "आलेच हा तर चला," म्हणाली. आणि तिने त्या चौदा माणसांना वाशीम दाखवलं. बालाजीचे खांब दाखवले, ते कसे पाहायचे तेही सांगितलं. पृथ्वीची मधली रेघ तर तिने पायाने जमिनीवर काढूनच दाखवली. ऑपरेशनचे नारळ देवापुढे फोडले, पेशंटची बिस्किटं सगळ्यांनी चहात बुडवून खाल्ली. गजानन दर थोड्या वेळाने म्हणायचा, "आपल्या वाशीमात हे होतं अन् आपल्याले मालूमच नव्हतं!" मी मागून टोपली घेऊन चालत होतो आणि बायकोकडे पाहत होतो. इतकी वर्षं ही बाई आपल्या घरात होती अन् आपल्याला मालूमच नव्हती, असं मनात आलं.

परत जाताना जीपमध्ये चौदाचे सोळा झालो. सुशीला माझ्या शेजारी चेपून बसली होती. फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, "दिवे लागताना पाहाचं राह्यलं."

पण देव सगळं बघतो. श्रावणात माझ्या पोटात अशी कळ उठली की मी अंगणात लोळलो. मूतखडा. वाशीमला नेऊन भरती केलं, चार दिवस सलाईन. मी स्वतः नामदेवरावांना फोन केला. "भाऊ, मी वाशीमले दवाखान्यात भरती हाय."

तिकडून हसू आलं. "असं का? मंग यावेळी कोनता गोळा, जांभळा का लाल?"

सुशीलाने भावाला फोन केला. तो म्हणाला, "बाई, एकडाव फसलो. फोटो तेवढा पाठवजो."

चार दिवसांत एक माणूस आला नाही. बाजूच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला भेटायला रिसोडहून अकरा जण आले, त्यांनीच मला दयेनं एक केळं दिलं.

चौथ्या दिवशी कळ थांबली. संध्याकाळी सुशीला उठली, माझ्या बॅगेतून माझा गॉगल काढला. म्हणाली, "तुमाले आराम हाय ना?"

"हाय."

"मंग मी पद्मतीर्थावर जाऊन येते. दिवे लागले की वापस येते."

आणि गेली. मी हाताला सुई घेऊन छताकडे पाहत पडलो. थोड्या वेळाने नर्सबाई आल्या. "काका, तुमच्या सोबतच्या बाई कुठी गेल्या?"

या खेपेला मी ठरवलं होतं, जे आहे ते सरळ सांगायचं. मी म्हणालो, "वाशीम पाहाले गेली."

"वाशीम पाहाले?"

"हो. काही काम नाही. पायऱ्यावर बसाले गेली."

नर्सबाईंनी माझ्याकडे काळजीने पाहिलं, आणि माझ्या तोंडात थर्मामीटर घातलं.