मुलींसाठी राखलेल्या चुका

वनिता मॅडमना चूक दिसली की त्या ती दुरुस्त करत नसत. ब्रह्मपुरीच्या आमच्या कॉलेजात त्या गणित शिकवायच्या, मी संगणकाची खोली सांभाळायची. आलेख काढणारं, समीकरणं सोडवणारं एक फुकट सॉफ्टवेअर आम्ही वापरायचो. त्याचा प्रोग्राम सगळ्यांना खुला. कुणीही चूक शोधावी, सुधारून पाठवावी, कुठकुठली माणसं ती तपासून घेतात. मॅडमना हे चहा निवेपर्यंत जमलं असतं. पण सोप्या चुका त्या रविवारी शिकायला येणाऱ्या मुलींसाठी राखून ठेवायच्या. "मले येते म्हणून मीच करू का? मंग पोरींनं काय कराव?"

मुली यायच्या आणि जायच्या. कुणाचं लग्न ठरायचं, कुणाला धानाच्या रोवणीला घरी थांबावं लागायचं. मॅडम पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरू. "थकली ना बाई मी," असं म्हणत फळा पुसायच्या.

एका उन्हाळ्यात नव्यानं आलेल्या सरांनी त्या सगळ्या चुका सुट्टीत दुरुस्त करून टाकल्या. "मॅडम, सगळं साफ केलं!" माणूस भला, मदतच करायला गेलेला. मॅडम "बरं केलं, भाऊ" म्हणाल्या आणि स्टुलावर बसून राहिल्या. मला मात्र सरांचा असा राग आला, की अजून पुरता गेलेला नाही.

त्यानंतरच्या रविवारी कुरखेड्याहून रेश्मा शिकायला आली. घरच्यांनी बजावलं होतं, आज काही करून दाखव, नाहीतर हे येणंजाणं बंद.

"मॅडम, माह्यं काम कुठी आहे?"

"आहे ना. बस."

दुपारभर मॅडम उलटीसुलटी गणितं घालून नवी चूक शोधत राहिल्या. सापडल्या त्या आम्हा दोघींनाही न झेपणाऱ्या. परतीच्या बसची वेळ झाली. "जाऊ द्या मॅडम, मले जमलंच नसतं," रेश्माच त्यांची समजूत घालू लागली. ती पुन्हा आली नाही. मॅडमनी त्यानंतर तिचं नाव कधी काढलं नाही, पण रविवारी बस आली की दाराकडे बघायच्या.

पुढे मॅडम वारल्या. आता रविवार मी चालवते, जमेल तसा. मीही थकते. परवा सहज छेदात शून्य टाकलं, तर सॉफ्टवेअर काही न सांगता बंद पडलं. दोन ओळींचं काम. हात शिवशिवले. तेवढ्यात सर दारात आले.

"काही बिघडलंय का?"

"काही नाही, सर," म्हणत मी संगणकच बंद केला. रविवारी कुरखेड्याहून एक नवी मुलगी येणार आहे.