खंडेनवमीचा कार्बोरेटर

मागच्या आठवड्यात तुमच्यापैकी थोरल्याने फोटो पाठवला. गॅरेजात एक जुनी पिकअप, तिचं बॉनेट उघडं, आणि शेजारी हा तोंडाला काळं फासून हसत उभा. खाली लिहिलं होतं, 'आजी, तुला यातलं काही कळणार नाही, पण बघ.'

बाळांनो, मला कळतं. निदान कार्बोरेटर नावाची वस्तू कळते. ती चालती कशी करायची हे मला आजही येत नाही, पण चालती असलेली बंद कशी पाडायची, यात माझा हात धरणारं त्या काळी नागपुरात कोणी नव्हतं.

मी लग्न होऊन सासरी आले ती इंग्रजीची पदवी घेऊन, आणि प्रत्येक वस्तूला तिची जागा असते ही श्रद्धा घेऊन. सासरी पदवीचा कोणाला उपयोग नव्हता आणि श्रद्धेचा सगळ्यांना त्रास होता. घर कारकुनांचं. भोसल्यांच्या काळापासून पिढ्यान्‌पिढ्या कोणी ना कोणी कुठल्यातरी कचेरीत कागद पुढे सरकवत आलेलं. त्या घरात माझ्या धाकट्या दिराने, म्हणजे तुमच्या आजोबांच्या भावाने, लष्कराच्या जुन्या मालाच्या लिलावातून एक पिकअप आणली. महायुद्धाच्या वेळची, पेट्रोलवर चालणारी. वयाने ती माझ्याएवढीच असेल, पण तिने माझ्यापेक्षा पुष्कळ सोसलेलं होतं.

मामंजी, म्हणजे माझे सासरे, नुकतेच हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "बाकीची कुठे आहे?"

बाकीची दिराने हळूहळू जमवली. मागचा पत्रा गंजून झडला होता, तिथे सागाच्या फळ्या ठोकल्या. मूळची सीट उंदरांनी संपवली होती. बंद पडलेल्या एका टॉकीजच्या तीन खुर्च्या आणून बसवल्या. उठलं की त्यांची बैठक खाडकन आपोआप मिटायची, आणि बेसावध असलं तर पातळासकट मिटायची. माझं एक चांगलं इरकल त्या खुर्चीने खाल्लं.

या गाडीवर मलाही एक हुद्दा होता. नागपूरच्या उन्हात पेट्रोल इंजिनापर्यंत पोचायच्या आत नळीतच उकळायचं, त्याची वाफ व्हायची आणि गाडी थांबायची. त्यावर उपाय म्हणजे पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं ठेवणं. बटणावर सुरू करणारा सेल्फ गाडीला नव्हता, म्हणून दीर पुढून हँडल मारायचा, मी फडकं भिजवायची. स्वयंपाकघरातल्या फडक्यांत ते मिसळू नये म्हणून मी त्यावर लाल दोऱ्याने 'पंप' असं भरतकाम केलं होतं. वर्गात इंग्रजी काव्यात पहिली आलेली मुलगी भर बाजारात बॉनेटखाली डोकं घालून पाणी शिंपडते आहे, हे माझ्या वडिलांच्या एका मित्राने पाहिलं आणि ओळख न दाखवता सायकल वळवून नेली. मीही ओळख दाखवली नाही. दोघांचीही सोय झाली.

असं दीड वर्ष चाललं. मग एके दिवशी जेवताना मामंजींनी निकाल दिला. कोराडीला वीजकेंद्राचं काम चालू होतं. तिथे त्यांच्या ओळखीने कारकुनाची एक जागा मिळण्यासारखी होती. दसऱ्यापर्यंत गाडीने एक तरी खेप धड करून दाखवावी. नाहीतर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी भंगारवाला येईल आणि दीर कोराडीला जाईल.

"एक खेप," मामंजी म्हणाले. "जाऊन परत येणारी."

दिराचा चेहरा मी पाहिला. त्याला कारकुनीत बसवणं म्हणजे बैलाला कपाटात ठेवण्यासारखं होतं. पण खेप त्याने आधीच ठरवली होती. कुहीकडचा एक शेतकरी, धानाच्या बांधाच्या वरच्या अंगाला झेंडू लावणारा. दसऱ्याच्या पहाटे त्याची फुलं उचलायची आणि ठोक बाजार भरायच्या आत नागपुरात आणायची. झेंडूचं गणित तुम्हाला सांगायला हवं. दसऱ्याला सकाळी त्याच्यासाठी लोक भांडतात, आणि संध्याकाळी तोच गाईपुढे टाकतात. उशिराला माफी नाही.

आदल्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी घरातली हत्यारं घासूनपुसून देवीपुढे मांडतात, त्यांची पूजा करतात, आणि दसऱ्याची पूजा होईपर्यंत त्यांना कोणी हात लावत नाही. आत्याबाई, माझ्या सासूबाई, सोवळ्यात होत्या. त्यांनी आतून सांगितलं, "हत्यारं घासून मांड गं पूजेत. काही राहायला नको."

काही राहायला नको, हे वाक्य माझ्यासारखीला सांगू नये.

विळी, अडकित्ता, कात्री, मामंजींचा टाक आणि दौत. मग मी ओसरीवर आले. तिथे इनॅमलच्या ताटात पितळेचे लहान लहान सुबक तुकडे ठेवलेले होते. दिराने उद्याच्या तयारीसाठी सकाळीच कार्बोरेटर उघडून साफ केला होता आणि तो कसलंसं वायसर आणायला बाजारात गेला होता. मला वाटलं, बिचाऱ्याची हत्यारं. चिंच आणि मीठ घेऊन मी ती अशी घासली की आत्याबाईंच्या समया फिक्या पडल्या. मग उंचीप्रमाणे ओळीत लावली. प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर मधोमध एक बारीक भोक होतं. इतकं मधोमध, की ते गंधासाठीच ठेवलं असणार. मी प्रत्येकाला ओलं कुंकू लावलं, भोक नीट बुजेपर्यंत. एक गोल खोलगट वाटीही होती. ती मला फार आवडली. तिच्यात मी अक्षता भरून ठेवल्या.

आत्याबाई म्हणाल्या, "किती देखणं मांडलंस! ही लहान मूर्ती कोणाची?"

तेवढ्यात दीर आला. ताटाकडे बघत खाली बसला.

"वहिनी," तो म्हणाला, "यातून पेट्रोल जातं हो."

"आता उद्याच जाईल," आत्याबाई म्हणाल्या. "मांडलेली पूजा हलत नाही."

"आई, उद्या पहाटे कुहीला निघायचं आहे मला!"

"मग आज काहून खोलून बसला होतास? नवमी तुला माहीत नव्हती?"

"खोलली मी, मांडली मी का?"

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी समईची वात सारखी करू लागले.

आत्याबाईंनी बराच विचार केला. मग त्यांनी तेवढ्याच ताटापुढे हात जोडले आणि म्हणाल्या, "आई अंबे, पोरगा अडला आहे आणि सून शिकलेली आहे. एवढं पदरात घे." ताट त्यांनी स्वतः उचलून दिलं. दिराने पेट्रोलमध्ये सगळं तीनतीनदा धुतलं. जेवणाआधी गाडी सुरू होऊन छान गुरगुरली. मी मनातल्या मनात स्वतःला माफ केलं. जरा घाईच झाली.

पहाटे आम्ही निघालो. तुमचे आजोबा दौऱ्यावर होते, आणि फडक्याचा हुद्दा माझा, म्हणून मीही गेले. जाताना गाडी शहाण्यासारखी वागली. शेतावर टोपल्या भरून तयार होत्या. शेतकरी साठीचा, काटक माणूस. फुलं लोकांच्या भरवशावर सोडायची नाहीत, म्हणून तो मागे टोपल्यांमध्येच चढून बसला.

परतीच्या वाटेवर अर्ध्यात आलो आणि गाडीने दोन आचके दिले. थांबली. हँडल मारलं की सुरू व्हायची, चार हात जायची, पुन्हा बंद. मी उडी मारून उतरले आणि पंपावर फडकं ठेवलं. ऊन अजून कोवळं होतं; पेट्रोल उकळण्यासारखं काहीच नव्हतं. तरी मी दुसरं फडकं ठेवलं. माणसाला जे येतं तेच तो करतो.

मागून शेतकऱ्याने डोकं काढलं. "काहून थांबली गा भाऊ?"

"पेट्रोल ओढून नाही राहिली."

"नवरात्राचा उपास धरला का तिनं?"

"बघतो ना काका."

"बैल असता त शेपूट पिरगाळलं असतं. हिले त शेपूट बी नाही." मग माझ्याकडे वळून, "बाई, तुम्ही काहून तिले पाणी पाजून राहिल्या? ताप आला का?"

दिराने कार्बोरेटर खोलला. वाटी काढली, पितळेचे तुकडे एकेक करून तोंडाने फुंकले. शेवटचा फुंकल्यावर त्याने तळहात माझ्यापुढे धरला. त्यावर तांदळाचा एक दाणा होता. लाल.

मी तो लगेच ओळखला. कुंकू मीच लावलं होतं, सगळीकडे सारखं.

शेतकऱ्याने वाकून पाहिलं. "अरे! उपास कायचा? हे त भात खाऊन राहिली व्हती!" आणि तो टोपल्यांना धरून इतका हसला की वरची फुलं रस्त्यावर सांडली. ती मी वेचून आणली. तेवढंच काम माझ्यावर सोपवण्यासारखं उरलं होतं.

बाजारात पोचलो तेव्हा ऊन चांगलं चढलं होतं. ठोक व्यापाऱ्यांनी आपला माल केव्हाच भरला होता. एकाने टोपलीत हात घालून बघितला आणि म्हणाला, "माल फर्स्ट क्लास आहे, पण आता काय करू? दोन तास आधी यायचं ना भाऊ."

दीर फूटबोर्डवर बसला. "संपलं, वहिनी," म्हणाला. "कोराडी."

शेतकरी मात्र बसला नाही. "संपलं कायचं? लोकायनं अजून दारं सजवली नाही." त्याने मागची फळी पाडली आणि टोपल्या पुढे ओढल्या. "भाऊ, तू तराजू माग कोणापाशी. बाई, तुम्ही हाक द्या."

मी घसा साफ केला. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला आवाज कसा लावायचा ते शिकवलेलं होतं. मी म्हणाले, "झेंडूची ताजी फुलं उपलब्ध आहेत."

कोणी वळूनही पाहिलं नाही.

"हे का बातम्या हाय का रेडिओवरच्या?" शेतकरी म्हणाला. "बोंबला, बाई, बोंबला!"

मग मी बोंबलले. कसं, ते मला सांगता यायचं नाही. दिराचं म्हणणं, कोणीतरी माझी साखळी ओढून पळतंय असं लोकांना वाटलं. पण ते थांबले, हे खरं. एकदा थांबल्यावर मला माझी विद्या वापरता आली. मोठी फुलं एकीकडे, लहान दुसरीकडे, आणि गिऱ्हाइकांची एक रांग. बाजारात रांग कोणी पाहिलेली नव्हती, म्हणून काय मिळतंय ते बघायला आणखी लोक आले.

रांगेत काळी टोपी आणि धुवट कोट दिसला. मामंजी. दर दसऱ्याला तोरणाची फुलं ते स्वतः आणायचे. माझ्या हातातलं माप तिथेच राहिलं. मी पदर डोक्यावर ओढला, जसं काही त्यामुळे मी दुसऱ्याची सून झाले असते.

"झेंडू कसा?" त्यांनी विचारलं. अगदी परक्यासारखं.

मी चाचरत भाव सांगितला.

"पलीकडे स्वस्त आहे."

मी काही बोलायच्या आत शेतकरी पुढे झाला. त्याला बिचाऱ्याला काय माहीत! "त पलीकडं जा ना, आजोबा! हे फूल पाहा. पाकळी झडते का? सणाच्या दिवशी घासाघीस करून राहिले, आन कोट त मोठ्या सायबाचा घातला!"

दिराने तराजूमागे तोंड लपवलं. मामंजींनी शेतकऱ्याकडे पाहिलं, फुलाकडे पाहिलं. कचेरीत तीस वर्षं त्यांच्याशी असं कोणी बोललं नसेल. त्यांनी मुकाट्याने पूर्ण पैसे मोजले, पिशवी भरून घेतली आणि बाजूला जाऊन उभे राहिले. शेवटची टोपली रिकामी होईपर्यंत ते तिथेच उभे होते.

मग निघायची वेळ आली. दीर हँडल मारून दमला, गाडी ढिम्म. इंजिन तापलं होतं. मी फडकं ठेवलं, काही झालं नाही. भोवती बघे जमले.

मामंजींनी पिशवी माझ्या हातात दिली. टोपी नीट बसवली, धोतराचा सोगा खोचला आणि मागच्या फळीला दोन्ही हात टेकले.

"बघता काय?" ते शेतकऱ्याला म्हणाले. "बोलायला येतं, ढकलायला येत नाही का?"

"असं म्हणा ना, आजोबा!" म्हणत तोही लागला. मीही लागले, एका हाताने. गाडी बाजाराच्या उतारावर घरंगळली, खोकली आणि सुरू झाली. आता थांबवली तर पुन्हा बंद पडेल, म्हणून दिराने थांबवली नाही. शेतकरी पळत जाऊन मागे लटकला. धूर विरला तेव्हा रस्त्यात मामंजी आणि मी, दोघंच उरलो होतो. त्यांच्या पांढऱ्या धोतरावर दोन तेलकट पट्टे उठले होते.

घरापर्यंत आम्ही पायी गेलो. दारात गाडी उभी होती. दीर ओसरीवर तोंड उतरवून बसला होता, शिक्षा ऐकायच्या तयारीने.

मामंजींनी चपला काढल्या, जागेवर ठेवल्या, आणि त्याच्याकडे न बघता म्हणाले, "हिला सेल्फ बसवून घे. दर खेपेला मी ढकलायला यायचा नाही."