इर्मगार्ड सबनीस, आमची वहिनी

पुण्याच्या पेपरात छापून आलं, ऊर्मिला सबनीस यांचं जर्मनीत निधन. मी तेव्हा तिकडे कार्ल्सरूहेलाच होते, माझ्या भावाकडे, उल्हासकडे. माझी शेजारीण शुभा, तिने मुद्दाम फोन केला, "लतिका, ही कोण गं गेली तुमच्यातली?" मी म्हटलं, आमच्यात ऊर्मिला नावाची कुणी नव्हतीच, तर जाईल कुठून? गेली ती माझी वहिनी आणि तिचं नाव इर्मगार्ड. पेपरात दिलं ते माझ्या थोरल्या भावाने, वासुदेवदादांनी. त्यांना राग येईल हे वाचून. येऊ दे. मी पंचावन्न वर्षांची आहे, मला आता काय कोपऱ्यात उभं करणार?

तर वहिनीचं सांगते.

ती जन्मली अडतीस साली, कार्ल्सरूहेलाच. नाव ठेवलं मावशीवरून. तिची मावशी पण इर्मगार्ड, ट्राममध्ये तिकिटं द्यायची. लढाईत बॉम्ब पडायला लागले तेव्हा या मावशीने वहिनीला, सहा वर्षांच्या पोरीला, तळघरात ढकललं आणि शेजारच्या म्हातारीला आणायला परत वर गेली. ती काही आली नाही. सापडली पण नाही. तिला दगड नाही, थडगं नाही, काही नाही. वहिनी म्हणायची, "तिचं एवढं नाव राहिलं, ते माझ्याकडे."

पुढे वहिनी ट्राम डेपोच्या कँटीनमध्ये कामाला लागली, तीस वर्षं केलं तिने ते. तिथे तीन इर्मगार्ड होत्या. त्या वयाच्या बायकांत दर दुसरीचं तेच नाव, आपल्याकडे कसं लता लता असतं तसं. मग डेपोवाले म्हणायचे लांब इर्मगार्ड, बारकी इर्मगार्ड आणि आमची ती इंडियन इर्मगार्ड. त्यांच्यात नावाचा पण सण असतो. सप्टेंबरात इर्मगार्डचा दिवस. तिघी दरवर्षी जमायच्या, आलुबुखारचा केक आणि कॉफी. हल्लीच्या पोरी हसतात या नावाला, म्हातारीचं नाव म्हणतात. वहिनी म्हणायची, "हसा. आम्ही तिघी आहोत अजून."

उल्हास बासष्ट साली इंजिनीअरिंग शिकायला गेला तिकडे. लग्न तिथल्या सरकारी ऑफिसात केलं आणि मग सदुसष्ट साली आईने हट्ट धरला म्हणून पुण्यात परत, आपल्या पद्धतीने. मी सोळा वर्षांची. नाव बदलायची वेळ आली. ताटात तांदूळ पसरले, ते ताट मीच धरलं होतं. उल्हासने अंगठीने तांदळात नाव लिहिलं. ऊर्मिला. दादांनी काढलेलं नाव. वहिनीला देवनागरी येत नव्हती तेव्हा. तिने उल्हासला विचारलं, तो तिच्या भाषेत काहीतरी बोलला, आणि ती इतकी खूश झाली, ताटाकडे बोट दाखवून मला म्हणाली, "इर्मगार्ड! इर्मगार्ड!" मी काय बोलू? दादा समोर उभे. मी मान डोलावली.

ते मी मान डोलावली ना, ते मला अजून खातं.

नंतर कधी कळलं कसं नाही म्हणाल, तर तिला त्या नावाने हाक मारायला होतंच कोण? आई सूनबाई म्हणायची, आम्ही वहिनी, पोरंटोरं काकू. उल्हास म्हणायचा इर्मी. आणि पुण्याला ती आली ती सगळी मिळून पाच वेळा. त्या तांदळाच्या ताटाचा फोटो तिने एवढा मोठा करून कार्ल्सरूहेच्या हॉलमध्ये लावला होता. आल्यागेल्याला दाखवायची, हे बघा माझं नाव, इंडियन अक्षरात. पस्तीस वर्षं दाखवलं तिने.

माझे मिस्टर गेल्यावर उल्हासने मला बोलावून घेतलं, दोन हजार दोन साली. मग दरवर्षी जायची मी तीन महिने. वहिनी तेव्हा रिटायर झाली होती. स्वयंपाकघर मी ताब्यात घेतलं, डब्यांवर कागद चिकटवले. हळद, मीठ, लसूण, उडीद. मोडकं मराठी बोलायला ती उल्हासकडून शिकलीच होती, आता तिला ते वाचायची हौस आली. मी चौथी शिकलेली, पण तेवढं शिकवता येतं की. रोज एक डबा. दोन महिन्यांत बाई वाचायला लागली.

आणि एक दिवस संध्याकाळी हॉलमधून हाक आली, "लतिका! ये इकडे."

फोटोसमोर उभी. चष्मा लावून. बोट काचेवर.

"हे इर्मगार्ड नाही."

मग ते बोट माझ्याकडे वळवलं.

"तू तिथे होती. ताट तुझ्या हातात. तू चोर."

"हो वहिनी," मी म्हटलं.

तेवढ्यात उल्हास आला बाहेरून, टोपी काढतोय. वहिनीने विचारलं, "उल्हास, ही ऊर्मिला कोण बाई आहे? माझ्या घरात पस्तीस वर्षं राहते, भाडं पण देत नाही."

तो म्हणाला अगं आल्झो, तसं बघ, तेव्हा दादांनी... म्हणजे पद्धतच असते... ती म्हणाली, "दादांनी सांगितलं. गेनाऊ, अगदी बरोबर. आणि तू मला काय सांगितलं?" तिने काय करावं? पुढच्या सप्टेंबरात लांब आणि बारकी दोघी कॉफीला आल्या, त्यांच्यासमोर उल्हासला उभं करून ते ताट मोठ्याने वाचायला लावलं. वाचलं बिचाऱ्याने. बारकी इतकी हसली की केक नाकात गेला. मग वहिनीने स्वतःच्या हाताने, आपल्या मराठी अक्षरात, एक चिठ्ठी लिहून फोटोखाली चिकटवली. "ही बाई मला माहीत नाही."

मला तिने माफ केलं. कसं, तर चोर म्हणायची ती चेष्टेत म्हणायला लागली, मरेपर्यंत.

दोन हजार सहाला पोटात कॅन्सर निघाला. मी सप्टेंबरात गेले, ती नोव्हेंबरात गेली. शुद्धीवर होती शेवटपर्यंत. माझं मनगट धरून म्हणाली, "दगडावर माझं नाव लिहितील. यावेळी मान डोलवू नको."

आणि तेरावा झाला नाही तोच दादांचा फोन. दगडावर ऊर्मिला लिहा. आपल्या वंशावळीत तेच आहे, पूजा सगळ्या त्या नावाने झाल्यात, लोकांना काय सांगायचं. उल्हास नुसता हो दादा, हो दादा. चार दिवसांनी दगड कोरणाऱ्याकडून कागद आला टेबलावर, त्यावर दगडाचं चित्र. मला इंग्रजी अक्षरं येतात वाचता. इर्मगार्ड ऊर्मिला सबनीस. दोन्ही.

"हे काय रे?"

"लतू, दोन्ही लिहिलं की झालं ना. दादा ऐंशीचे आहेत. त्यांचं मन कशाला मोडायचं?"

"मेलेल्या बाईचं मोडलेलं चालतं? ती फोन करत नाही म्हणून?"

मी फोन उचलला आणि पुण्याला लावला. मी दादांशी कधी चढ्या आवाजात बोलले नाही जन्मात. म्हटलं, "दादा, दगडावर इर्मगार्ड येणार. एकटं."

"तुला कोणी विचारलं? चौथी पास बाई तू."

"चौथी पास बाईने शिकवलं म्हणूनच तिला वाचता आलं, दादा. तुम्ही बी.ए., तुम्ही तर ते लपवलंत."

"नाव घराण्याचं असतं लतिका, बाईचं नसतं!"

"मग घराण्यालाच पुरा तिथे," म्हटलं, आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी गेलो दोघं त्या माणसाकडे. सगळीकडे दगड, धूळ, त्याच्या भुवयांवर पण धूळ. त्याने कागद पुढे केला, सही करा म्हणून. मला जर्मन येतं ते बाजारापुरतं. मी त्या दुसऱ्या नावावर बोट ठेवलं आणि म्हटलं, नाइन, म्हणजे नाही. नूर इर्मगार्ड. फक्त इर्मगार्ड. तो उल्हासकडे बघायला लागला. उल्हास माझ्याकडे. यावेळी मी मान हलवली नाही, इकडे नाही की तिकडे नाही. बघत राहिले त्याच्याकडे. मग उल्हासने खिशातून पेन काढलं, त्या नावावर आडवी रेघ मारली, आणि रेघेच्या बाजूला सही केली.

दगड एप्रिलमध्ये बसला, मी परत गेले होते त्यासाठी. लांब आणि बारकी दोघी आल्या काठ्या टेकत. लांब इर्मगार्डने पुढे होऊन अक्षरांवरून हात फिरवला आणि नाव मोठ्याने वाचलं. बारकी म्हणाली, आता जागा धरून ठेव गं आमच्यासाठी.

घरी आल्यावर कोट पण काढला नाही उल्हासने, पुण्याला फोन लावला. मी दारातच उभी.

"दादा, इर्मगार्डचा दगड बसला आज."

तिकडून दादांचा आवाज एवढा मोठा की मला ऐकू आला. "कुणाचा?"

"इर्मगार्डचा. माझ्या बायकोचा."

दादा काहीतरी बोलत होते अजून. उल्हासने ऐकून घेतलं, फोन खाली ठेवला, आणि मला म्हणाला, लतू, चहा टाक.