तिसऱ्या चाकाचा दसरा

कर्जतमध्ये तेव्हा मोटारसायकली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, आणि त्यांचे मालक स्वतःला सरदारांपेक्षा कमी समजत नव्हते. त्यांचे म्होरके म्हणजे भातगिरणीचे मालक. वयाने माझ्या वडिलांच्या बरोबरीचे, म्हणून आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. दुसरा जंगलचा ठेकेदार, तिसरा खोपोलीचा एक फिटर, आणि खालापूरकडचे आणखी दोघे. संध्याकाळी ही मंडळी स्टेशनबाहेरच्या हॉटेलापुढे गाड्या तिरक्या उभ्या करत आणि त्यांना टेकून चहा पीत. माझा गोळीसोड्याचा कारखाना समोरच होता. कारखाना म्हणजे एक खोली, एक यंत्र आणि मी. त्यामुळे हा सोहळा मला रोज फुकटात बघायला मिळे.

मला त्यांच्यात जायचं होतं. सरळ सांगतो, दुसरं काही नको होतं. पण लहानपणीच्या तापात माझा डावा पाय वाळला होता. दोन चाकांची गाडी उभी राहिली की ती पायावर तोलावी लागते, आणि माझा पाय मलाच तोलत नव्हता, तर गाडी काय तोलणार. ठेकेदार एकदा हसत म्हणाला होता की तू आपला सोडा फोड, गाडीचं वेड सोड. त्या दिवशी त्याच्या बाटलीत मी गॅस जरा जास्तच भरला.

या लोकांचा वर्षातला मोठा दिवस म्हणजे दसरा. सीमोल्लंघनाला बाकीचं गाव वेशीपर्यंत जाई. यांची वेस म्हणजे बोरघाटाचा माथा, जिथे तेव्हाचा कुलाबा जिल्हा संपून पुणे जिल्हा लागतो. पेट्रोल तेव्हा कुपनावर मिळे, तरी दसऱ्यासाठी प्रत्येकजण थोडं थोडं राखून ठेवी. गाड्यांना झेंडूच्या माळा घालून खोपोलीच्या तळ्याकाठच्या महादेवाला नारळ फोडायचा आणि तिथून घाट चढायचा. नियम एकच, पाय टेकायचा नाही. वळणावर, चढावर, लॉरीच्या मागे गाडी अडली तरी जो जमिनीला पाय न लावता वर पोचेल, त्याला माथ्यावर काका स्वतःच्या हाताने आपट्याचं पान देत. पाय टेकला असेल त्याने पान घ्यायचं नाही. मी ऐकत आलो तेव्हापासून सगळे दरवर्षी पान घेऊनच खाली येत आणि ते आठवडाभर टोपीत खोचून हिंडत. ते पान मला हवं होतं.

दुसरी मोठी लढाई संपली आणि कल्याणच्या बाजूला लष्कराचं जुनं सामान लिलावात निघालं. तिथे मी ती पहिल्यांदा पाहिली. मोटारसायकलच, पण डाव्या अंगाला लोखंडी डबा जोडलेला आणि त्या डब्याला तिसरं चाक. रंग चिखलाचा, एक दिवा फुटलेला. उभी होती ती कोणाच्या आधाराशिवाय. मी तिच्यावर बसलो, दोन्ही पाय वर घेतले, आणि ती हलली नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लिलाववाल्याने ते पाहिलं असावं, कारण भाव खाली यायचं नाव घेईना.

डब्यात सोड्याची खोकी घालून मी कशेळे, कळंब या गावांतली गिऱ्हाइकं धरली. धंदा वाढला. पण हॉटेलापुढे मी ती गाडी पहिल्यांदा उभी केली, तेव्हा सगळ्यांनी चहा थांबवून तिच्याकडे पाहिलं, आणि काकांनी तिला नाव ठेवलं, कुबडी. लंगड्याची गाडीही कुबडी घेऊन चालते, असं ते म्हणाले आणि सगळे हसले. मीही हसलो. घरी जाऊन मात्र जेवलो नाही.

पुढच्याच आठवड्यात काकांनी ती चालवून बघायला मागितली. वीस वर्षं दोन चाकांवर बसलेला माणूस. मी सांगायचा प्रयत्न केला की ही अंग झुकवून वळत नाही, हँडल धरून बैलगाडीसारखी वळवावी लागते. पण अशांना सांगतो कोण. काका कळंबच्या रस्त्याला निघाले, पहिलं वळण आलं, त्यांनी सवयीप्रमाणे अंग झोकात कलवलं, आणि गाडी नाकासमोर चालत बांधावरून थेट भाताच्या खाचरात उतरली. पीक पोटरीला आलेलं, कणसं फुटायच्या बेतात. काका चिखलातून उठले ते मिशा पुसत आणि रस्त्याला शिव्या देत. नाचता येईना अंगण वाकडं, असं मी मनात म्हणालो. मोठ्याने म्हणण्याची हिंमत नव्हती. गाडी काढायला दोन बैल लागले.

गाडीत खोड नव्हती असं नाही. डबा भरलेला असला की ती गरीब गाय. पण डबा रिकामा असला आणि वळण डावीकडचं आलं की तिसरं चाक जमिनीवरून उचलायचं. मग हँडल हातात असून नसल्यासारखं होई. म्हणून परत येताना मी डब्यात धोंडे घालायचो, नाहीतर रस्त्याने कर्जतकडे पायी निघालेल्या कोणा माणसाला बसवून घ्यायचो. डोक्यावर मोळी असलेल्या ठाकराच्या बाईला मोटारीत बसवणारा त्या रस्त्यावर मी पहिलाच असेन. लोक मला भला म्हणू लागले. खरं कारण वजन होतं, ते मी कोणाला सांगितलं नाही.

माझी बायको कशेळ्याची. लग्नाला वर्ष झालं नव्हतं. माहेराहून तिला आणायला एकदा मी गाडी घेऊनच गेलो. त्या काळी नवरा पुढे, बायको चार पावलं मागे, अशी चाल होती. आमच्यात मी लंगडा, म्हणून ती मुद्दाम आणखी हळू चालायची. डब्यात बसायचं म्हणजे नवऱ्याच्या शेजारी, गावादेखत. ती दारातच अडली. तिची आई म्हणाली, देवापुढे बसतेस तशी बस. मग ती पदर कमरेला खोचून, नऊवारीचा काष्टा सावरून बसली, आणि गाव संपेपर्यंत तिने मान वर केली नाही.

गावाबाहेर डावं वळण आलं. मी वेगात होतो. नवी बायको शेजारी असताना कोण हळू चालवतो. चाक उठणार एवढ्यात ती आपणहून डब्याच्या बाहेरच्या अंगाला सरकली आणि काठावरून अर्धी बाहेर झुकली. चाक जमिनीवर राहिलं. मी गाडी थांबवून विचारलं, कोणी शिकवलं. तिला प्रश्नच कळला नाही. बैलगाडी कलली की बायका वरच्या अंगाला सरकतात, त्यात शिकायचं काय, असं तिचं म्हणणं.

त्यानंतर धोंडे सुटले. बाजाराला, देवाला, माहेराला, ती माझ्याबरोबर. धोंड्याला वळण दिसत नाही, तिला माझ्या आधी दिसायचं. हॉटेलापुढून जाताना टोमणे येत, पण ती मान वर करून बसायला शिकली होती आणि मीही गाडीचा वेग कमी करत नव्हतो.

त्या दसऱ्याला मी काकांकडे जाऊन सांगितलं की मी घाट चढणार. काकांनी तोंडातला विडा थुंकला. त्यांची हरकत खोटी नव्हती. तीन चाकांच्या गाडीवर पाय टेकायची पाळीच येत नाही, मग त्यात मर्दुमकी कसली? मी म्हणालो, काहीतरी तुम्हीच ठरवा. त्यांनी मिशी ओढली, आणि जे ठरवलं ते खरोखर न्यायाचं होतं.

"आमचा पाय टेकायचा नाय, तुझं चाक उठायचं नाय. एकदा जरी उठलं, तरी पान नाय. फिटर मागून येईल आन् बघंल."

बायकोला डब्यात बसवायला त्यांची ना नव्हती. बाईमाणूस काय आणि पोतं काय, वजन ते वजन, असं ते म्हणाले. मी ते तिला सांगितलं नाही.

दसऱ्याला ऊन लख्ख होतं. खाचरांत भात पिवळा पडत आला होता आणि घाटातले ओहोळ अजून वाहत होते. नारळ फुटला, काका पुढे निघाले, त्यांच्या मागे बाकीचे, मग मी, आणि शेवटी फिटर. बायकोने डब्याचा काठ दोन्ही हातांनी धरला होता. पहिली वळणं सुखाची गेली. मी हँडल वळवायच्या आधीच ती बाहेर झुकलेली असे. मी उजवीकडे वळलो की माझ्या अंगाला येई. आजवर माझ्यावर इतका विश्वास टाकून कोणी बसलं नव्हतं, असं सारखं वाटत होतं. मध्येच मागचा फिटरचा आवाज बंद झाला. गाडी तापली असावी. मी थांबलो नाही.

आगगाडीच्या बोगद्याच्या वरच्या अवघड डाव्या वळणावर समोरून लॉरी आली. मी तिला चुकवून वळण घेतलं आणि हँडल क्षणभर हलकं लागलं. क्षणभरच. मग जमीन पुन्हा हाताला लागली. चाक उठलं की मलाच भास झाला? भास झाला, असं मी माथ्यावर पोचेपर्यंत पक्कं ठरवून टाकलं.

माथ्यावर सगळे झाडाखाली उभे होते. काकांनी पिशवीतून आपट्याची पानं काढली. मी गाडीवरून उतरून लंगडत पुढे गेलो. फिटर अजून आला नव्हता, म्हणजे बघणारा कोणी नव्हताच. काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे डब्याकडे.

"सूनबाई, तू सांग. चाक उठलं का?"

ती डब्यातून उतरून उभी राहिली. मला खात्री होती की ती नाही म्हणेल. नवऱ्याची बाजू कोण सोडतं?

"उठलं व्हतं काका, एकदा. बोगद्याच्या वरल्या वळणावर. सनाच्या दिशी खोटं कशाला सांगू?"

मला तिचा भयंकर राग आला. एवढा घाट चढून, तोंडाशी आलेला घास तिने घालवला. काकांच्या हातातलं पान तसंच राहिलं. कोणी हसलं नाही, हेच मला जास्त लागलं. मी वळून गाडीकडे निघालो.

तेवढ्यात फिटर वर पोचला, हात काळे, तोंड घामाने भिजलेलं. काय चाललंय ते ठेकेदाराने त्याला सांगितलं. तो माझ्या बायकोकडे वळून म्हणाला की वहिनी खरं बोलल्या, तर मग मीही सांगतो, निम्मा घाट मी पाय घासतच आलो. ठेकेदाराने टोपी काढून डोकं खाजवलं. त्याचाही टेकला होता, त्याच वळणावर, एका लॉरीमागे अडून. खालापूरकरांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांनीही माना डोलावल्या. राहिले काका.

"माजा दरसाल टेकतो," ते म्हणाले. "त्या वळणावर टेकतोच. आजवर कोणी इचारलंच नाय, रं."

मी जागीच थांबलो. जन्मभर मी समजत आलो होतो की दोन धड पाय असलेल्या माणसाला वाटेत कुठे टेकावं लागत नाही. मला हसू आलं आणि रडूही आलं, दोन्ही एकदम, आणि ते लपवायला मी पेट्रोलची टाकी उघडून आत बघत राहिलो.

काकांनी पहिलं पान तिला दिलं. परक्या बाईच्या हातात कसं द्यावं हे त्यांना कळेना, म्हणून त्यांनी ते डब्याच्या काठावर ठेवलं आणि तिने ते उचलून त्यांच्या पायांना हात लावला. मग एक मला मिळालं, आणि मग ज्यांनी ज्यांनी पाय टेकले होते त्या सगळ्यांना. उतरताना मी तिच्याशी बोललो नाही. खोपोली आली तेव्हा मात्र एवढंच म्हणालो, की मलाही चाक उठल्यासारखं वाटलं होतं. ती म्हणाली, ते मला ठाऊक हाय.

पुढे कितीतरी दसरे आम्ही तो घाट चढलो. काका थकेपर्यंत पुढे तेच असत, आणि मी तीन चाकांवर का होईना, त्यांच्यातलाच एक. पान वाटायच्या आधी प्रत्येकाने आपलं आपण सांगायचं, किती वेळा टेकला, कुठे टेकला, असा नवा नियम पडला. विचारायचं काम तिच्याकडे होतं. तिच्यासमोर खोटं बोलायची कोणाची छाती झाली नाही.