गेणबांची दुर्बीण

कऱ्हाटीच्या आमच्या माळावर आता ऊस आणि डाळिंब आहे. नव्वदच्या सुमारास मी लग्न होऊन आले, तेव्हा घरामागं गेणबांची मेंढरं बसायची. सकाळी दार उघडलं की उन्हाआधी लोकरीचा ओलसर वास आत यायचा.

दिवाळी झाली की गेणबा चार घरांची मेंढरं घेऊन कोकणाच्या वाटेला लागत. पुढं चालायचा मान त्यांचा. टेकाडावर उभं राहून, कपाळाला हात लावून ते सांगत, की पल्याडचं कुठलं रान मोकळं झालंय आणि कुठं पीक उभं आहे. मेंढरं पिकात शिरली तर गावाशी भांडण. म्हणून मुक्काम त्यांच्या नजरेवर ठरायचा.

माझी लेक कडेवर बसायला लागली त्या वर्षी त्यांच्या मुलानं, सिद्धूनं, बारामतीच्या बाजारातून दुर्बीण आणली. स्वस्तातली, पण काळीभोर, गळ्यात अडकवायला पट्टा. आठवडाभरात गेणबांचं बोलणं कमी झालं. मग एकदा त्यांची बायको कुशाबाई ताकाला आली आणि आमच्या उंबऱ्यावरच बसली.

"औंदा म्हातारा जात न्हाय म्हनतोय. सिद्धू पुढं चालंल म्हनं."

"का? बरं नाही का?"

"डोळं गेलं म्हनं. पर परवा माज्या लुगड्याला काटा लागल्याला लांबनं दिसला की त्याला!"

मला चैन पडेना. ताकाचं भांडं द्यायच्या निमित्तानं गेले. गेणबा घोंगड्यावर बसले होते, दुर्बीण शेजारी.

"आबा, काय दिसत नाही?"

"दिसतंय की. जास्त दिसतंय. एका लिंबाचं दोन लिंब."

"नुसत्या डोळ्यांनी?"

"नुसत्या डोळ्यांनी एकच. पर पोरी, ही लांबचं मोठं करून दावती ना? तशी डोळ्यातली खोडबी मोठी करून दावत आसंल. सिद्धूला तर एकच दिसतंय."

मी दुर्बीण समोरच्या कडुलिंबाकडं धरून डोळ्यांना लावली. क्षणभर एकच लिंब होता. मग हळूहळू त्यातून दुसरा वर सरकला आणि माझं कपाळ ठणकायला लागलं. मी शेजारच्या दुसऱ्या घोंगड्याची घडी करून दगडी बांधावर ठेवली, तिच्यावर दुर्बीण नीट बसवली आणि तिला हात न लावता आधी एका नळीतून पाहिलं, मग दुसऱ्या नळीतून. एकीत लिंब बरोबर मधोमध. दुसरीत पार खाली, कडेला. दुर्बीण हलली नव्हती, लिंबही नाही.

"आबा, या नळ्यांचं तोंड दोन दिशांना आहे. डोळे तुमचे नाहीत, हिचे बिघडलेत."

गेणबांनी स्वतः पाहिलं. एकदा या नळीतून, एकदा त्या. पुन्हा या. मग दाढी खाजवत म्हणाले, "म्हंजी ही तिरळी हाय व्हय?"

तेवढ्यात सिद्धू मेंढरं घेऊन आला. कुशाबाईंनी त्याला दारातच गाठलं. "तुला एकच दिसतंय म्हनला न्हवं?"

सिद्धू खाली बघायला लागला. "दिसतं की. पर लई जोर लावावा लागतो, आन मग रातभर डोकं दुखतं. मी हौसंनं आनली, आन आबा रोज गळ्यात घालून बसायचं. कसं सांगायचं?"

"आरं गाढवा," गेणबा म्हणाले, "मी हितं आंधळा होऊन बसलो की!" आणि इतके हसले की कुत्री भुंकायला लागली.

सिद्धू म्हणाला, परत देऊन येतो. गेणबांनी दिली नाही. एका नळीच्या तोंडात लोकरीचा बोळा कोंबला आणि म्हणाले, आता चालंल.

दिवाळीनंतर ते निघाले. घोड्यावर भांडीकुंडी, वर कोंबड्यांची पाटी, मागं मेंढरांचा लोट. मी कडेवर लेक घेऊन गच्चीवर उभी होते. गेणबा सगळ्यांच्या पुढं होते. टेकाडावर ते थांबले, दुर्बीण पाठीवर सारली, कपाळाला हात लावला आणि काठीनं डावीकडचं रान दाखवलं. मेंढरं डावीकडं वळली.