डोरिन बोलली नाही

त्या वर्षी हेरन्स इतके हरले, इतके हरले, की गावातल्या न्हाव्यानं दुकानात पाटीच लावली: 'कालच्या सामन्याबद्दल बोलायचं असेल तर दुसरं दुकान बघा.' हेरन म्हणजे बगळा. आयोवातल्या त्या नदीकाठच्या गावाला नाव शोभायचं, पण गावच्या बेसबॉल संघानं त्या नावाची पार लाज घालवली. "बगळे कसले, खुराड्यातल्या कोंबड्या आहेत!" म्हातारा गस ओरडायचा. आणि तरी दर सामन्याला डोरिनच्या शेजारच्या खुर्चीत तो हजर. शिव्या घालायलाही आपलंच माणूस लागतं ना!

डोरिन प्रॉब्स्टनं शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म काढला. नवरा गेला, मूलबाळ नाही. धाकट्या लीगमधली पोरं म्हणायला धंदेवाईक खेळाडू, पण त्यांना भाड्याची खोली काही परवडत नाही. म्हणून दर उन्हाळ्यात गावातली घरं एकेक पोर ठेवून घेतात. डोरिनच्या माडीवरही असाच एकेक येऊन राहिला, जेवला, गेला. कुणी नाताळला कार्ड पाठवलं, कुणी तेवढंही नाही. डोरिनला त्याचं कधी काही वाटलं नाही. पण वेस्ली टॅकेटची गोष्ट वेगळी.

वेस केंटकीच्या डोंगरातला, पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. लांबच लांब हात, कान बाहेर आलेले. पहिल्याच दिवशी जेवण झाल्यावर ताट उचलून धुवायला लागला, तेव्हा डोरिन म्हणाली, "ठेव रे बाबा, पाहुणा आहेस." तर म्हणतो, "मिस डोरिन, घरी असं ताट टाकून उठलो असतो तर डॅडींनी कान उपटला असता." डॅडी म्हणजे ऑर्विल. कोळशाच्या खाणीत उमेदीची वर्षं घालवलेला माणूस. छातीत सगळी धूळ, नाकाला ऑक्सिजनची नळी. पोराला चेंडू टाकायला त्यानंच शिकवलं, घरामागच्या उतारावर. सामना संपला की वेस मागच्या पायरीवर बसून आधी डॅडींना फोन करायचा. मग जेवायचा. बहुतेक वेळा जेवण अर्धंच राहायचं, कारण सांगायला हरण्याशिवाय दुसरं काही नसायचं. डोरिन आतून सगळं ऐकायची.

ऑगस्टातला रविवार. दुपारचा सामना. स्टँड अर्धा रिकामा. डोरिन पंख्यानं वारा घेत बसली होती. तिसऱ्या इनिंगपर्यंत गस नेहमीसारखा बडबडत होता. पाचवीत त्याची बडबड कमी झाली. सहावीत तो गप्पच झाला. सगळा स्टँड गप्प झाला. वेसनं समोरच्या एकालाही अजून फटका मारू दिला नव्हता. एकालाही! नऊच्या नऊ इनिंग असं टाकणं म्हणजे पिचरच्या आयुष्यात एखाद्याच दिवशी घडणारी गोष्ट. आणि ती घडत असताना तिचं नाव घ्यायचं नाही. पिचरशी बोलायचं नाही, शेजाऱ्याशी बोलायचं नाही, मनातसुद्धा जपूनच. बोललं की नजर लागलीच. डोरिनच्या नवऱ्यानं एकदा चुकून तोंड उघडलं होतं, तर पुढची कित्येक वर्षं गाव त्याला पनवती म्हणत होतं. मेल्यावरसुद्धा एकानं आठवण काढलीच!

सातवी इनिंग संपली आणि डोरिनच्या पर्समध्ये फोन वाजला. डार्ला, वेसची बहीण. खेळाडूंचे फोन सामन्याच्या वेळी आत कुलपात असतात, म्हणून तिला डोरिनचा नंबर दिलेला.

"मिस डोरिन, डॅडींचं काही खरं नाही," डार्ला रडत होती. "नर्स म्हणते आता फार वेळ नाही. शुद्धीवर आहेत, वेसला मागतायत. दोन मिनिटं त्याला फोनवर आणा ना!"

डोरिन उठलीच. फोन हातात धरून पायऱ्या उतरायला लागली. खाली डगआउटमध्ये वेस बाकाच्या टोकाला एकटाच, डोक्यावर टॉवेल. बाकीची सगळी पोरं दुसऱ्या टोकाला सरकून बसलेली.

गसनं तिची बाही धरली. "कुठं निघालीस? डोकं फिरलंय का तुझं?"

"गस, त्याचा बाप चाललाय रे."

गसचा हात सुटला. "तुझं तू बघ बाई," एवढंच म्हणाला.

डोरिन कठड्याशी उभी राहिली. हाक मारली असती तर वेसनं मान वळवली असती, इतकी जवळ. तिनं विचार केला: पोराचा सगळा उन्हाळा मातीत गेला, हा एकच दिवस त्याचा. बापच म्हणेल, मधे कशाला उठवलंस त्याला? दोनच इनिंग. अर्धा तास. माणूस अर्धा तास कसाही तग धरतो.

"डार्ला, तो खेळतोय गं. संपलं की लगेच देते."

"कसं चाललंय? नेहमीसारखंच?"

शब्द अगदी ओठांवर आले. आज तुझ्या भावाला कुणी शिवलेलंसुद्धा नाही गं! पण जीभ रेटेना. लहानपणापासून अंगात मुरलेलं ते.

"खेळतोय," डोरिन म्हणाली. "बस, खेळतोय."

नवव्या इनिंगमध्ये पर्समधून पुन्हा घरघर झाली. डोरिननं पर्स उघडली नाही. अशा वेळी बसल्या जागेवरून हलायचंही नसतं. शेवटचा चेंडू उंच उडाला, पकडला गेला, आणि मग काय विचारता! वर्षभर मार खाल्लेलं गाव एकदम किंचाळलं. गस लहान मुलासारखा रडला. डोरिननं आता कुठं पर्स उघडली, तर डार्लाचा निरोप: डॅडी गेले. पोरांनी वेसवर बादलीभर पाणी ओतलं. तो तसाच निथळत कठड्याशी आला.

"मिस डोरिन, तुमचा फोन द्या! डॅडींना मी स्वतः सांगणार!"

डोरिननं त्याचे दोन्ही ओले हात धरले आणि सांगितलं. डार्ला दोनदा का फोन करत होती तेही सांगितलं. मागे लोक अजून नाचत होते.

वेसनं हात सोडवून तोंडावरचं पाणी पुसलं. मग म्हणाला, "पहिल्या फोनला सांगितलंत ना, आज काय चाललंय ते? डॅडींना कळलं ना?"

"नाही रे बाळा. मी बोलले नाही."

"हो," वेस म्हणाला. "बोलायचं नसतं." त्याच्या आवाजात राग नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं, असं डोरिनला वाटलं.

वेस त्याच संध्याकाळी केंटकीला गेला, तो परत आलाच नाही. हेरन्स शेवटच्या नंबरावर राहिले. सप्टेंबरात डार्लाचा फोन आला, त्याचे कपडे, बूट पाठवून द्या म्हणून. डोरिननं पत्ता लिहून घेतला, आणि मग राहवलं नाही म्हणून विचारलं, "त्या दिवशी मी फोन ठेवल्यावर... काही म्हणाले का गं ते?"

"म्हणाले ना. विचारलं, पोराचं काय चाललंय. मी म्हटलं, रोजचंच. तर म्हणाले, मग राहू दे, नको बोलावूस त्याला. मार खाऊन आधीच खचला असेल, त्यात माझं आणखी कशाला."

"अगं, एक फटका बसला नव्हता त्याला! एकसुद्धा नाही!" रिकाम्या स्वयंपाकघरात डोरिन अक्षरशः ओरडली.

"ते नंतर कळलं आम्हाला," डार्ला म्हणाली. "तेव्हा सांगायला हवं होतंत, मिस डोरिन."