चूक झाली की केली?

तात्यांना 'झालं' हा शब्द सहन होत नसे. 'तात्या, काम झालं' म्हटलं की चष्मा कपाळावर जाई आणि विचारणा होई, "झालं म्हंजी? कुणी केलं? कुणी बघितलं?" आमच्या इंदापूर तालुक्यात ठराव होतात, घोटाळे होतात, करत मात्र कुणीच नाही. तिथे असं विचारणारा माणूस विक्षिप्तच ठरणार.

ते आमच्या साखर कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख. पंचकार्डांच्या काळापासून या धंद्यात. मी नव्वदच्या दशकात, बारामतीचा सहा महिन्यांचा डिप्लोमा घेऊन तिथे चिकटलो आणि प्रमाणपत्र फ्रेम करून टेबलामागे लावलं. तात्या म्हणाले, "चांगलं हाय. काच पुसत जा."

कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर तेव्हा चपला काढायची पद्धत होती. संचालकसुद्धा अनवाणी येऊन मशीनला हात जोडत, आणि आम्ही पुजारी तो नमस्कार खुशाल स्वतःकडे घेत असू. तात्या मात्र प्रत्येक यादीतली शेतकऱ्यांची दहा नावं उचलून ऊस-लागणीच्या रजिस्टरशी बोट ठेवून ताडून पाहत. मला ते अडाणीपणाचं वाटे.

ऊसतोडीचा क्रम लागणीच्या तारखेवरून लावणारा प्रोग्रॅम मी लिहिला. यादी निघाली त्या दिवशी तात्यांना पुतणीच्या लग्नासाठी नरसिंहपूर गाठायचं होतं. "तपासली?" "झालं, तात्या." इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी पुढचं काही विचारलं नाही. सही केली आणि एसटी धरली.

चार दिवसांनी डाळजचे एक आबा आले. "माझी लागण गेल्या सालच्या जुलैची. तुरा आलाय उसाला, वजन घटाय लागलंय. अन् शेजाऱ्याच्या धा महिन्याच्या कोवळ्या उसाला तोड?" माझ्या प्रोग्रॅमने तारखेतला नुसता दिवस पाहिला होता, महिना नाही, साल नाही. शेजाऱ्याची दोन तारीख आबांच्या अठ्ठावीस तारखेच्या आधी लागली. मी म्हणालो, "कॉम्प्युटरची चूक झाली." आबा उठले. "मशीनच हाय, चालायचंच."

परत आल्यावर तात्यांनी ते ऐकलं. "कॉम्प्युटरनं केली व्हय? मग त्यालाच धाड डाळजला." मला स्कूटरवर मागे बसवून ते स्वतः तिथे घेऊन गेले. बांधावर उभा राहून मी म्हणालो, "चूक झाली." तात्यांचा चष्मा कपाळावर गेला. शेवटी म्हणालो, "मी केली." आबांनी विचारलं, "बरं, मग तोड कदी?" दोन दिवस बसून आम्ही सगळी यादी हाताने ताडून नवी लावली, आणि आबांचा ऊस त्याच आठवड्यात तुटला.

तोवर गावोगाव बोंब झाली होती. व्यवस्थापकांनी नोटीस लिहून आणली, 'तांत्रिक बिघाडामुळे यादीत बदल झाला आहे.' तात्यांची नोकरीतली मुदतवाढ त्याच महिन्यात ठरायची होती. ती मिळाली नसती तर घरी बसायचं. नोटिशीवर तशीच सही केली तर ती मिळेल, असं व्यवस्थापकांनी सुचवलंही. तात्यांनी ओळ खोडली आणि लिहिलं, 'यादीवर मी न तपासता सही केली.' खाली स्वतःचं नाव.

"माझं नाव घाला की," असं मी म्हणायला हवं होतं. डाळजच्या बांधावर जे जमलं ते व्यवस्थापकांसमोर जमलं नाही, याची आजही लाज वाटते. तात्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मुदतवाढ नाकारली गेली. महिनाअखेरीस त्यांनी रजिस्टरं माझ्या ताब्यात दिली, रीतसर पोच घेतली आणि गेले.

त्यांच्या खुर्चीवर मला बसवलं. मी बसलो.